पराभवातला कोचचा वाटा : भंडाऱ्याच्या कॉलेज फुटबॉलच्या निमित्ताने

फुटबॉलचा संघ हरू लागला की कडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकांचा पहिला खटला कोचवर चालतो. भंडाऱ्यातही याहून वेगळे घडत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आपल्या कॉलेजवर दुसरा गोल चढला की फक्कीने आखलेल्या रेषेबाहेरून आवाज सुरू होतात : ‘सर, त्याले बाहेर काढा ना!’, ‘काहून बे, एकच पोट्टा समोर ठेवला?’, ‘ठेवा अजून बसवून त्याले!’ रेफरीची शेवटची शिट्टी वाजायच्या आतच निकाल लागलेला असतो, आणि आरोपी एकच असतो.

या तक्रारीची नीट छाननी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. चाहत्याला अडाणी ठरवायचे नाही. त्या ओरडणाऱ्यांत मीही असतो आणि पुढेही असेन. माझे म्हणणे आधीच मांडतो. हरणाऱ्या संघाचा कोच पुष्कळदा दोषी असतो, पण आपण त्याचा दोष ज्या वेळी आणि ज्या जागी शोधतो तिथे तो क्वचितच सापडतो. प्रत्यक्ष सामन्यात कोचच्या हाती फार थोडे उरलेले असते. त्याचे बरेवाईट काम आधीच्या महिन्यांत होऊन गेलेले असते, आणि त्या महिन्यांत मैदानाच्या कडेला प्रेक्षक नसतात. त्यामुळे तक्रार खरी असूनही पुरावा चुकीचा दिला जातो, आणि खटला निकालात निघतो.

आरोपी कोण?

आधी या माणसाची ओळख करून घेऊ. भंडारा जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा पसारा एके काळी चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत होता. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे निघाले आणि नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे उरले. कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो, त्यातून निवडलेले खेळाडू विद्यापीठाच्या संघात जातात आणि ‘कलर होल्डर’ होतात, विद्यापीठाचा संघ पुढे भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत खेळतो. ही झाली शिडी.

शिडीच्या पहिल्या पायरीवर आपला ‘कोच’ उभा असतो. कागदावर त्याचे पद शारीरिक शिक्षण संचालकाचे. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, क्रिकेट, मैदानी स्पर्धा, बुद्धिबळ, योगासने असे सगळे त्याच्याच अंगावर. शिवाय प्रवेश समिती, परीक्षेचे पर्यवेक्षण, नॅकची फाइल. स्पर्धेच्या दिवशी तो मुलांचे ओळखपत्र आणि पात्रतेचे फॉर्म सांभाळतो, टीए-डीएचा हिशेब ठेवतो, जखमी पायावर स्प्रे मारतो आणि मधूनच ‘मार्क कर, मार्क कर’ असे ओरडतो. त्याने आयुष्यात कबड्डीचे मैदान गाजवलेले असू शकते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत १९६१ पासून प्रशिक्षकांचे शिक्षण चालते, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी परवान्यापासून वर चढत जाणाऱ्या परीक्षा आहेत. पण एखाद्या तालुक्याच्या कॉलेजला त्यातून आलेला फुटबॉलचा माणूस लाभणे हा निव्वळ योग समजावा.

तुलनेला दुसरे टोक घेऊ. अमेरिकेत ज्याला कॉलेज फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा, लंबगोल चेंडूचा. पण तिथला संतापलेला चाहता आपल्याच जातीचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिंबो फिशर या प्रशिक्षकाला काढले, तेव्हा कराराची उरलेली रक्कम म्हणून त्याला सुमारे साडेसात कोटी डॉलर देणे विद्यापीठाच्या अंगावर आले. इतका पैसा घेणाऱ्या माणसाला लाखभर प्रेक्षकांनी जाब विचारला तर नवल नाही. गंमत अशी की आपण भंडाऱ्यात आपल्या सरांना त्याच भाषेत, त्याच तावातावाने जाब विचारतो. फुटबॉलसाठी त्यांना वेगळा छदामही मिळत नाही, हे कोणाच्या ध्यानीही नसते.

राग त्याच्यावरच का?

१९७६ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी विद्यापीठांतली एक साधी पाहणी प्रसिद्ध केली. शनिवारी संघ जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणाऱ्यांची संख्या वाढे. फोनवर सामन्याविषयी विचारले तर जिंकल्यावर विद्यार्थी ‘आपण’ म्हणत, हरल्यावर ‘ते’. हे आपल्याकडेही जसेच्या तसे ऐकू येते : ‘आपण साकोलीवाल्यांना हरवलं’, आणि दुसऱ्या दिवशी ‘ते पोट्टे खेळलेच नाहीत’.

पण भंडाऱ्यासारख्या ठिकाणी आणखी एक गाठ आहे, ती या पाहणीत बसत नाही. इथला प्रेक्षक अनोळखी नसतो. लेफ्ट बॅक खेळणारा त्याच्या वर्गातला, गोलकीपर त्याच्या मोहल्ल्यातला, सेंटर फॉरवर्ड त्याच्या मावसभावाचा मित्र. त्या गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला हे सगळ्यांनी पाहिलेले असते. पण संध्याकाळी त्याच्याच सोबत बसस्टँडसमोर चहा प्यायचा असतो. त्याला तोंडावर बोलायची सोय नाही. मैदानावर असा एकच माणूस असतो की जो कोणाचा मित्र नाही, कोणाचा भाऊ नाही, वयाने मोठा आहे आणि उलट उत्तर देणार नाही. दोष त्याच्याकडे वाहत जातो. माझ्या मते लहान गावातल्या कोचनिंदेचा अर्धा भाग या नातेसंबंधांतून येतो, खेळातून नव्हे.

उरलेला अर्धा तपासण्याजोगा आहे.

पराभवांची मालिका आणि नवा कोच

फुटबॉल हा कमी गोलांचा खेळ. कबड्डीत चाळीस मिनिटांत साठ-सत्तर गुण होतात, चांगला संघ सहसा वर येतोच. फुटबॉलमध्ये दीड तासात दोन-तीन गोल. त्यातला एक चिखलात अडकलेल्या पासमुळे, एक कोणाच्या तरी गुडघ्याला लागून. दैवाचा वाटा इतका मोठा असताना चार सामन्यांची मालिका पाहून कोचविषयी मत बनवणे धोक्याचे आहे. वाईट कामगिरीनंतर, काहीही न करता, पुढची कामगिरी बहुधा थोडी बरी होते, कारण अगदी वाईट निकालात दुर्दैवाचा हात असतो आणि दुर्दैव दर वेळी सोबत येत नाही. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी इस्रायली हवाई दलातील प्रशिक्षकांची गोष्ट सांगितली आहे : शिकाऊ वैमानिकाला चुकीबद्दल झापले की पुढचे उड्डाण सुधारते, स्तुती केली की बिघडते, असा त्या प्रशिक्षकांचा ठाम अनुभव होता. सुधारणा आणि बिघाड दोन्ही आपोआप होणार होते. झापण्याला फुकटचे श्रेय मिळत होते.

कोच बदलण्यालाही असेच फुकटचे श्रेय मिळते. बास तेर वील या अर्थशास्त्रज्ञाने १९८६ ते २००४ या काळातील डच व्यावसायिक फुटबॉल तपासला. मधल्या हंगामात प्रशिक्षक काढला की त्यानंतर संघ सावरतो, हे खरे निघाले. पण तितकेच वाईट दिवस आलेल्या आणि प्रशिक्षक न काढलेल्या संघांशी ताडून पाहिले, तर तेही तितकेच सावरले होते. २०१३ मध्ये अॅडलर, बेरी आणि डोहर्टी यांनी अमेरिकी कॉलेज फुटबॉलवर हाच प्रश्न लावला. तळाच्या संघांना प्रशिक्षक बदलून विशेष फरक पडला नव्हता. मध्यम संघांची कामगिरी तर बदलानंतर, न बदलणाऱ्यांच्या तुलनेत, खालावली होती.

भारतीय चाहत्याला याचा ताजा धडा घरबसल्या मिळाला. इगोर स्टिमॅच मे २०१९ मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. २०२३ मध्ये सॅफ स्पर्धा जिंकली तेव्हा वाहवा झाली. मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने २-१ असे हरवले, जूनमध्ये कतारविरुद्ध वादग्रस्त गोल बसून विश्वचषकाच्या पात्रतेची तिसरी फेरी हुकली, आणि १७ जूनला त्यांना काढण्यात आले. मग आले मनोलो मार्केझ. त्यांच्या कारकिर्दीत संघाने आठ सामन्यांत एकच जिंकला, मालदीवविरुद्धचा. हाँगकाँगकडून ०-१ असे हरल्यानंतर जुलै २०२५ मध्ये तेही गेले. १ ऑगस्टला खालिद जमील यांचे नाव जाहीर झाले. ते मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळलेले, २०१७ मध्ये मिझोरमच्या ऐजॉलला आय-लीग मिळवून देणारे. सुरुवात झकास झाली : मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक. ‘बघा, कोच बदलला की कसा फरक पडतो’ असे महिनाभर ऐकायला मिळाले. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने २-१ असे हरवले आणि आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही १-० ने मात केली. सव्वा वर्षाच्या आत तीन प्रशिक्षक झाले. त्या काळात गोल करणारा वीस वर्षांचा नवा फॉरवर्ड मात्र कोणाच्याच हाती लागला नाही. तसा मुलगा कोच नेमल्याने पैदा होत नसतो.

तरीही ‘काहीतरी करा’ ही मागणी थांबत नाही, आणि ती केवळ प्रेक्षकांची खोड नाही. मायकेल बार-एली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये २८६ पेनल्टी किक तपासल्या. गोलकीपर जागेवर उभा राहिला असता तर अडवण्याची शक्यता जास्त होती; पण जागेवर राहिलेले जेमतेम ६.३ टक्के. बाकीच्यांनी डावीकडे किंवा उजवीकडे झेप घेतली. झेप घेऊन गोल खाल्ला तर निदान प्रयत्न केला असे दिसते. संस्थेच्या व्यवस्थापनाचेही असेच असते. कोच बदलला की कृती केल्यासारखे दिसते, मैदानाचा निचरा केल्याने दिसत नाही.

कोचने फरक पडतो तेव्हा

मग कोच असला काय, नसला काय, सारखेच? नाही. उलट पुरावा आपल्याच इतिहासात आहे आणि तो जबरदस्त आहे.

सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, पेशाने शिक्षक. १९५० पासून ते भारतीय संघाकडे पाहू लागले. १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले, आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले. दहा गोल! संघातले बरेच जण अनवाणी खेळले होते. आजच्या रिवाजाप्रमाणे विमानतळावरच राजीनामा मागितला गेला असता. रहीम राहिले. बूट सक्तीचे झाले, चेंडू पायात धरून ठेवण्याऐवजी तो पुढे सरकवण्याचा सराव झाला. १९५६ मध्ये मेलबर्नला भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यात मूळच्या गोव्याच्या, मुंबईत फुटबॉल खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाची हॅटट्रिक होती. उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. या वेळी निकाल १-४. भारत चौथा आला.

दहा-एक ते चार-एक. दोन्ही पराभवच, पण कोचच्या कामाचे मोजमाप मी याच फरकाने करीन. प्रतिस्पर्धी तोच, मधे चार वर्षे, आणि सहा गोलांचे अंतर तुटलेले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रहीम यांनी डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंग या बचावपटूला पुढे सेंटर फॉरवर्डला खेळवले, त्याने गोल केले आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्ण मिळाले. चाहत्यांना ही चाल फार आवडते, चित्रपटातही तीच शोभते. पण जर्नेल कुठे चालेल हे ओळखायला रहीम यांना त्याच्यासोबत वर्षे घालवावी लागली होती. एका दुपारच्या डोकॅलिटीने असे होत नाही.

लाखनीच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी मागे राहिली, तर जाणता म्हातारा धुरकऱ्याला बोल लावण्याआधी बैलांचा खुराक केव्हापासून सुरू होता ते विचारतो. फुटबॉलच्या प्रेक्षकाला हा प्रश्न सुचत नाही, म्हणून तो इथे आपण विचारू.

जून ते ऑक्टोबर

खुराक सुरू व्हायला हवा तो जूनमध्ये. कॉलेजचे प्रवेश तेव्हाच चालू असतात, कोण कोणत्या कॉलेजात गेला हे कळेपर्यंत जुलै उजाडतो. जुलैत आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात धानाची रोवणी. पवनी, लाखांदूर, मोहाडीकडच्या ज्या घरांत बांधी आहे, तिथल्या मुलाला सकाळी सहाला मैदानावर बोलावणे हा त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने चेष्टेचा विषय असतो. त्यात वैनगंगेच्या खोऱ्यातला पाऊस. मैदानाला निचरा नसला की गोलपोस्टसमोर डबके साचते आणि आठवड्यातले तीन-चार दिवस सराव बुडतो. ऑगस्टच्या शेवटी, पोळा आटोपता आटोपता, स्पर्धेचे पत्रक येते. मग ट्रायल, मग फॉर्म, मग पंधरा दिवसांचा घाईचा सराव. पोरे धापा टाकत पळतात आणि त्यालाच फिटनेस म्हटले जाते.

शरीराचे गणित इतके दयाळू नाही. दम वाढायला सहा ते आठ आठवड्यांचा सलग सराव लागतो. मोठ्या सामन्यात एक खेळाडू दहा किलोमीटरच्या आसपास धावतो, तोही सरळ नाही, थांबत-वळत-झेपावत. पंधरा दिवसांत पायदुखी तेवढी कमावता येते.

समोर कोण उभा आहे तेही पाहावे. त्याच विद्यापीठात नागपूरची कॉलेजे आहेत. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर नागपूर, आणि नागपूरला खेटून कामठी. १८२१ पासूनची ही छावणी, फुटबॉल तिच्या गल्ल्यांत मुरलेला. रब्बानी क्लबसारखे संघ तिथले. नागपूर जिल्हा फुटबॉल संघटनेची लीग तिथली मुले शाळेपासून खेळतात. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांचे फुटबॉल सुरू केले, नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ त्यावरच आला. ती मुलेही याच परिसरातली. असा मुलगा कॉलेजात येतो तेव्हा त्याच्या पायाला आठ-दहा वर्षांची सवय असते. भंडाऱ्याची परंपरा कबड्डीची. आपला राइट विंगर अकरावीपर्यंत गावच्या संघात रेडर होता. बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत या दोघांची गाठ पडली तर वर्षभराचा हंगाम एका दुपारी संपतो. पाच-सहा सामने मिळालेच नाहीत तर चुका कोणी दुरुस्त करायच्या, आणि कधी?

हे सगळे कोचच्या बचावात जाते. पण एक जागा अशी उरते जिथे बचाव चालत नाही. रोवणीचे दिवस, पाऊस आणि पत्रकाची वेळ या तिन्ही गोष्टी दर वर्षी त्याच असतात. ज्या सरांना दहा वर्षांचा अनुभव आहे त्यांना त्या ठाऊक असतात. मार्च-एप्रिलमध्ये, आधीच्या वर्षीची मुले अजून कॉलेजात असताना आणि मैदान कोरडे असताना, सकाळचा सराव चालू ठेवणे शक्य असते. तो झाला होता का? या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर सप्टेंबरमधल्या तीन गोलांचा हिशेब तिथून मांडायचा.

प्रेक्षकाने काय मोजावे

प्रेक्षकाच्या हाती वही दिली तर तो न्याय करील, असेही नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप नावाचा हवाई दलातला हिशेबनीस होता. १८ मार्च १९५० रोजी स्विंडनच्या सामन्यात त्याने टिपणे काढायला सुरुवात केली आणि पुढे शेकडो सामने नोंदले. सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासमधून होतात असे त्याला दिसले. त्यावरून लांब मारा, लवकर मारा असा सिद्धान्त निघाला आणि इंग्लिश फुटबॉलच्या एका मोठ्या पंथाने तो उचलला. खोट अशी होती की तीन किंवा कमी पासांच्या चालीच मुळी ९० टक्क्यांच्या आसपास होत्या. म्हणजे लांबलेल्या चाली आपल्या वाट्यापेक्षा जास्त गोल देत होत्या. वही बरोबर होती, भागाकार राहिला होता.

आपल्याकडचा ‘सेकंड हाफमध्ये आपले पोट्टे थकतात’ हा आरोप याच खोटीचा. दुसऱ्या सत्रात गोल जास्त होणे हा जगभरचा नियम आहे. आपले थकतात तसे त्यांचेही थकतात. आरोप सिद्ध व्हायला आपण दुसऱ्या सत्रात खाल्लेले गोल आणि केलेले गोल शेजारी-शेजारी लिहावे लागतील.

मग कोणती नोंद खरी बोलते? मी एकाच गोष्टीवर भर देईन : तीच चूक, वेगळ्या प्रतिस्पर्ध्यासमोर, पुन्हा. कॉर्नर किकचे उदाहरण घेऊ, कारण तिथे खेळ थांबलेला असतो आणि सगळ्यांना उभे राहायला वेळ असतो. व्यावसायिक फुटबॉलमध्ये शंभर कॉर्नरमागे तीन-चार गोल होतात. आता समजा, आपल्या संघाने तीन सामन्यांत बारा कॉर्नर दिले आणि त्यांतून तीन गोल खाल्ले. कडेला उभे राहून नीट पाहावे. चेंडू ठेवला गेला; आपला दुसरा सेंटर बॅक हात वर करून कोणाला तरी ‘तू जा’ म्हणतो आहे. जवळच्या खांबाशी कोणीच नाही. गोलकीपर रेषेवरून दोन पावले पुढे, मग मागे. त्यांचा उंच पोरगा पेनल्टी एरियाच्या टोकापासून मोकळा धावत येतो, त्याच्यासोबत आपले दोघे चेंडूकडे बघत धावतात, त्याच्याकडे कोणी बघत नाही. डोके लागते, गोल. पुढच्या सामन्यात दुसरा संघ, दुसरा उंच पोरगा, आणि तोच हात वर, तेच ‘तू जा’. याला दैव म्हणता येत नाही. उंची, दम, पैसा यांपैकी काहीही लागत नसताना, कोणी कुठे उभे राहायचे हे अर्ध्या तासाच्या सरावात ठरवता आले असते. हा गोल कोचच्या खात्यावर, निःसंशय.

थ्रो-इनवर चेंडू गमावणे, गोल खाल्ल्यावर लगेच दुसरा खाणे, ऑफसाइडची रेषा एकाने मोडणे यांनाही हीच कसोटी लावता येते.

बदली खेळाडूचा प्रश्न त्या मानाने फसवा आहे, आणि ओरडा सर्वांत जास्त त्याचाच होतो. ब्रेट मायर्स याने २०१२ मध्ये सांगितले की पिछाडीवरच्या संघाने पहिला बदल ५८ व्या, दुसरा ७३ व्या आणि तिसरा ७९ व्या मिनिटाआधी करावा. पुढे इतर संख्याशास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा अशी कोणती जादूची मिनिटे हाती लागली नाहीत. २०२२ पासून नियमांत पाच बदलांना कायमची जागा मिळाली आहे. पण पाच बदल करायला बाकावर पाच खेळणारे लागतात. आपल्या बाकावर बहुधा एक जायबंदी, एक पहिल्यांदाच बूट घातलेला आणि एक गोलकीपर असतो. ‘त्याले काढा’ म्हणणाऱ्याने ‘कोणाले टाका’ हेही सांगितले पाहिजे. ते नाव सांगता आले, आणि तो मुलगा खरोखरच सरावात चांगला खेळलेला असला, तर तक्रारीला वजन येते.

निवड

एक तक्रार मात्र कसोट्यांची वाट न पाहता ऐकून घ्यावी लागते, आणि नेमकी तीच मैदानावर मोठ्याने बोलली जात नाही. ती निवडीची. ट्रायलची सूचना फलकावर लागलीच नाही, लागली ती आदल्या दिवशी. वर्गात न येणारा पण कोणाच्या तरी ओळखीचा मुलगा थेट संघात. विद्यापीठ स्पर्धेच्या प्रमाणपत्राची पुढे सरकारी नोकरीच्या ५ टक्के खेळाडू आरक्षणात मदत होईल या आशेने नाव घुसवलेले. अशा गोष्टी कुठल्याही जिल्ह्यात, कुठल्याही खेळात घडू शकतात. इथे दैव नाही, पाऊस नाही, कामठी नाही. यात कोचचा पूर्ण अधिकार आहे आणि म्हणून पूर्ण जबाबदारीही. गुणवत्ता कमी असलेल्या संघाचे एका चुकीच्या निवडीने होणारे नुकसान बलाढ्य संघापेक्षा कितीतरी मोठे असते, कारण बारावा चांगला खेळाडू त्याच्याकडे नसतोच. शिवाय डावललेला मुलगा पुढच्या वर्षी ट्रायलला येत नाही, आणि त्याचे दोन मित्रही येत नाहीत.

हे तपासायला फुटबॉल कळावा लागत नाही. ट्रायलची तारीख, हजर मुलांची यादी, सरावाचा हजेरीपट आणि संघाची अंतिम नावे, एवढे कागद पुरतात. प्रत्येक विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी क्रीडा शुल्क भरतो. हे कागद क्रीडा विभागाकडे मागण्याचा त्याला हक्क आहे. सरावाला चाळीस दिवसांतले पाच दिवस आलेला मुलगा अकरात आणि पस्तीस दिवस आलेला बाकावर असेल, तर सरांकडून उत्तर मागावे. उत्तर असूही शकते : पाच दिवसवाला रोवणीला गेला होता आणि तरीही सर्वांत चांगला खेळतो. मग तसे त्यांनी सर्वांसमोर सांगावे.

आणि हे सगळे नीट झाले, मार्चचा सराव झाला, कॉर्नरवर माणसे ठरली, निवड चोख झाली, तरी सप्टेंबरमध्ये नागपूरचा संघ जिंकण्याचीच शक्यता जास्त आहे. गेल्या वर्षी चार गोल खाल्ले होते, यंदा दोन खाल्ले आणि एक केला, अशा दुपारीही रेषेबाहेरून कोणीतरी ‘सर, त्याले काढा ना’ म्हणेलच. त्याला म्हणू द्यावे. पण त्या संध्याकाळी प्राचार्यांकडे कोच बदलण्याचा अर्ज घेऊन कोणी निघाला, तर त्याला दोन्ही वर्षांचे स्कोअर एका कागदावर लिहून द्यावेत, आणि त्याच अर्जात मैदानाच्या निचऱ्याची मागणी जोडायला सांगावे.